बायपासनंतर पुन्हा उठणं, चालणं, वावरणं : पेशंटचे आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

मी हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. डिस्चार्जच्या दिवशी एका हातात फाइल, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी, खाली रिक्षा थांबलेली, आणि अशा वेळी दारात उभं राहून लोक जे विचारतात, ते इथे लिहून काढलं आहे. हे सगळं छातीचं मधलं हाड उघडून केलेल्या बायपासबद्दल आहे. झडप बदललेल्यांनाही बरंचसं लागू पडेल. अँजिओप्लास्टीत हाड कापलेलं नसतं, तिचे नियम वेगळे. तुमच्या सर्जननी यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुमची छाती आतून पाहिली आहे, मी नाही.

बाबांना आयसीयूत दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसवलं. एवढी घाई कशाला?

पडून राहण्यात आराम वाटतो, पण नुकसान पडून राहण्यानेच होतं. उताणं झोपलं की फुफ्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, तिथे कफ साचतो आणि ताप येतो. पोटरीत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. मांडीचे स्नायू तर आठवडाभरातच उतरतात, आणि सत्तरीतल्या माणसाला ते परत कमवायला दोन-दोन महिने लागतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकच्या पेशंटला कित्येक आठवडे पाठीवर झोपवून ठेवत. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा पेशंटना आरामखुर्चीत बसवण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्याआधी त्यांच्याच हॉस्पिटलात या प्रकाराला कडाडून विरोध झाला होता. खुर्चीतली माणसं मात्र बरी होत गेली. आम्ही आज जे करतो त्याचं मूळ त्या खुर्चीत आहे.

साधारण क्रम असा : श्वासाची नळी निघाली की पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, मग खुर्ची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालणं. चौथ्या-पाचव्या दिवशी जिन्याच्या काही पायऱ्या. सगळं सुरळीत असेल तर पाच ते सात दिवसांत घर. मध्येच, बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, हृदयाचे ठोके अनियमित पडू लागतात. साधारण तीन-चार जणांतल्या एकाला हे होतं. मग औषध सुरू होतं आणि चालणं एखादा दिवस थांबतं. 'केस बिघडली' असं समजून नातेवाईक हवालदिल होतात. बहुतेकांच्या बाबतीत ते औषधाने आटोक्यात येतं.

ते श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र फुंकायचं की ओढायचं?

ओढायचं! दहातले पाच जण फुंकतात. फुगा फुगवायची सवय असते, दुसरं काय. ताठ बसा, नळी ओठांत घट्ट धरा आणि ताक स्ट्रॉने प्यावं तसा श्वास हळूहळू आत ओढा. गोळे वर गेले की दोन-तीन सेकंद धरून ठेवा, मग सोडा. जागे असाल तेव्हा दर तासाला दहा वेळा. तिसरा गोळा झटक्यात वर उडवण्यात काही पराक्रम नाही. पहिले दोन सावकाश वर नेऊन तिथे टिकवले तर फुफ्फुस जास्त चांगलं उघडतं. नातवंडांना ते खेळायला देऊ नका. घरी आल्यावरही दोन-तीन आठवडे चालू ठेवा.

यंत्रानंतर खोकायचं, दाबून ठेवायचं नाही. छोटी उशी किंवा घडी घातलेला टॉवेल छातीवर दोन्ही हातांनी घट्ट कवटाळा आणि मग खोका. शिंक आली तरी हेच. खोकल्याने टाके तुटतील ही भीती प्रत्येकाला असते. हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं, उशीने आधार दिलेल्या खोकल्याला ते पुरून उरतं. या तारा जन्मभर आतच राहतात, त्या काढायच्या नसतात.

पलंगावरून उठताना छातीत कळ येते. आम्ही हाताला धरून ओढून उठवतो, चालेल ना?

नाही. या सगळ्यातला एकच नियम लक्षात ठेवणार असाल तर तो हा : पेशंटला दंडाला किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही. दोन हात दोन बाजूंना ओढले गेले की मधल्या हाडावर ताण येतो. पलंगाच्या पायथ्याला ओढणीचा दोर बांधून त्याला लोंबकळत उठणंही बंद.

उठायचं असं. गुडघे दुमडा. उशी छातीशी धरा. खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर व्हा, लाकडाचा ओंडका लोळवावा तसं. पाय पलंगाखाली सोडा. पायांच्या वजनाने धड आपोआप वर यायला लागतं, खालच्या कोपराचा थोडाच आधार घ्या. बसल्यावर मिनिटभर थांबा, कारण बीपीच्या गोळ्यांनी डोळ्यांपुढे अंधारी येते. मग पुढे सरका, नाक पायाच्या अंगठ्यांच्या रेषेत येईल इतकं वाका आणि मांड्यांच्या जोरावर उभे राहा. हात छातीवर.

मदत करणाऱ्याने पाठीमागे, खांद्यांच्या मधोमध तळहात ठेवायचा. ढकलायचं नाही, नुसता ठेवायचा. पलंग फार बुटका असेल तर गादीवर गादी घाला. उंची वाढली की निम्मा त्रास तिथेच संपतो.

वजन किती उचलायचं?

हाड जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पूर्ण बळकटी यायला साधारण तीन महिने. तोवर साडेचार-पाच किलोच्या वर काही नको. म्हणजे एक-दोन लिटरचा दुधाचा कॅन चालेल, भरलेली बादली नाही. पाण्याची घागर नाही. घरगुती सिलिंडर तर विसराच, त्यात गॅसच १४.२ किलोचा असतो, टाकीसकट तो ३० किलोच्या आसपास जातो. नातवाला कडेवर घेणं हा सगळ्यात अवघड नियम, कारण नातू ऐकत नाही आणि आजोबांनाही ऐकायचं नसतं. खाली बसा, त्याला मांडीवर चढू द्या.

फक्त वजन बघू नका, हात शरीरापासून किती लांब आहे तेही बघा. कोपर बरगड्यांना चिकटलेलं ठेवून केलेल्या कामाचा हाडावर फारसा ताण येत नाही. हात लांब करून जड खिडकी सरकवणं, घट्ट झाकण उघडणं, हँडपंप मारणं, चादर पिळणं, ही कामं हलकी दिसतात आणि नेमकी तीच नडतात. आणि उलट बाजूही सांगते. घाबरून हात अजिबात न हलवणारे पेशंट महिन्याने आखडलेला खांदा घेऊन येतात. केस विंचरा, दोन्ही हात एकदम, दुखणार नाही इतपत वर न्या, खांदे गोल फिरवा.

छातीचा पट्टा किती दिवस?

सर्जन सांगतील तितके, बहुधा सहा आठवडे ते तीन महिने. श्वास कोंडेल इतका आवळू नका.

घरी भारतीय पद्धतीचं शौचालय आहे. आंघोळही बादलीतून. काय करायचं?

हा प्रश्न पेशंट घरी जायच्या आधी विचारा, नंतर नको. उकिडवं बसून उठताना माणूस नकळत भिंतीला, नळाला, कडीला धरून अंग वर ओढतो, आणि कुंथतोही. दोन्ही गोष्टी या काळात नकोत. मेडिकल दुकानात मधोमध भोक असलेली कमोड खुर्ची मिळते, ती आहे त्याच भांड्यावर मांडता येते. भाड्यानेही मिळते. दीड-दोन महिन्यांचा प्रश्न असतो. वेदनेच्या गोळ्यांनी पोट धरतं, म्हणून इसबगोल किंवा पातळ औषध डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा. पाणी किती प्यायचं तेही विचारा, काहींना मोजून पाणी सांगितलेलं असतं.

आंघोळीला प्लास्टिकचं बळकट स्टूल, खाली पायपुसणं नव्हे तर रबरी जाळी. बादली जमिनीवर नको, दुसऱ्या स्टुलावर ठेवा म्हणजे वाकावं लागत नाही. कडकडीत पाणी घेऊ नका, त्याने बीपी उतरतं. जखमेवर साबण चोळायचा नाही, पाणी ओघळू द्या आणि टॉवेलने टिपा. हळद, तेल, बोरिक पावडर यांतलं काहीही जखमेवर नको. पहिले काही दिवस बाहेर कुणीतरी असू द्या आणि कडी आतून लावू नका.

रोज किती चालायचं?

पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, घरात किंवा अंगणात. जमेल तशी दर एक-दोन दिवसांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवा. बरेचसे पेशंट चार ते सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत पोचतात. एखाद्या दिवशी कमी झालं तर झालं. काल लग्नाला जाऊन आलेला माणूस आज दमणारच.

वेग कसा ठरवायचा? चालताना बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य धाप न लागता म्हणता येत असेल तर ठीक, दोन शब्दांत श्वास तुटत असेल तर वेग जास्त, आणि गाणं गुणगुणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर फार विसंबू नका. बहुतेकांना ठोके मंद ठेवणारी गोळी चालू असते, त्यामुळे दम लागला तरी आकडा चढत नाही.

सपाट रस्ता निवडा. जेवणानंतर तासभर जाऊ द्या. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत. आणि जायचं तितकंच परत यायचं असतं, हे विसरून लोक पंधरा मिनिटं एकाच दिशेला चालत जातात आणि मग रिक्षा शोधतात. पहिले दोन आठवडे घरासमोरच फेऱ्या मारा.

ऑपरेशन छातीचं, मग पाय का सुजतो?

कारण बायपाससाठीची एक नस पायातून काढतात. १९६७ मध्ये रेने फाव्हालोरो यांनी क्लीव्हलँडला पायातली नस वापरून ही शस्त्रक्रिया मार्गी लावली, तेव्हापासूनची ही पद्धत. ती नस गेल्यावर रक्त वर न्यायचं काम बाकीच्या नसांना उरकावं लागतं. त्या पायाला काही आठवडे संध्याकाळी सूज येणं अपेक्षित आहे. बसताना पाय स्टुलावर ठेवा, घोटे वरखाली हलवा, घट्ट मोजे सांगितले असतील तर सकाळी उठण्यापूर्वीच घाला. दोन्ही पाय सुजले किंवा एका पोटरीत दुखून ती गरम लागली तर फोन करा.

छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा, मुंग्या, जळजळ असेल तर तेही सांगते. तिथली रोहिणी, म्हणजे रक्तवाहिनी, आतल्या बाजूने सोडवून हृदयाला जोडलेली असते, त्यात संवेदना नेणारे बारीक चेतातंतू दुखावतात. काही महिन्यांत हे कमी होत जातं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही.

घरी जाताना चढता येईल, म्हणून तर वॉर्डात जिना करवून घेतो. एक पायरी, एक श्वास. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टाकून ठेवा, शेजारी नाही म्हणत नाहीत. कठड्याला हात टेकवायचा, धरून स्वतःला ओढायचं नाही. सुरुवातीला दिवसातून एकदाच खाली-वर.

आई घरी आली ती पलंगावरच आहे. पाणीसुद्धा मागून घेते. तिला कसं उठवायचं?

आधी एक उलटा प्रश्न : पाणी मागायच्या आधी तुम्ही देता की नंतर?

मला या कामात सगळ्यात जास्त दिसणारी अडचण ही. छाती जुळलेली असते, रिपोर्ट बरे असतात, आणि माणूस पलंगावरून हलत नाही कारण हलायची गरजच ठेवलेली नसते. ताट जागेवर येतं, चष्मा हातात दिला जातो, बाथरूमपर्यंत दोन मुलं दोन्हीकडून धरून नेतात. सगळं प्रेमापोटी. सहा आठवड्यांनी अशी बाई तपासणीला व्हीलचेअरवर येते आणि मी तिला चालायला लावलं की घरचेच माझ्याकडे रागाने बघतात.

एका आजींना मी विचारलं होतं, घरी गेल्यावर काय करावंसं वाटतं. चालणं म्हणाल्या नाहीत, पायऱ्या म्हणाल्या नाहीत. "देवाचं माझं मला करू देत नाहीत," म्हणाल्या. मग आम्ही त्यावरच सगळं बसवलं. देवघर भिंतीवर उंच होतं, ते टेबलावर आणलं, समोर खुर्ची ठेवली. फुलं परसातून आणायची, म्हणजे सकाळच्या वीस-पंचवीस पावलांच्या दोन फेऱ्या झाल्या. सहाणेवर गंध उगाळताना कोपर अंगाशीच राहतं, म्हणजे तेही चाललं. तांब्या अर्धाच भरायचा. तीन आठवड्यांनी फेऱ्या तुळशीपासून कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंत गेल्या. त्यांना व्यायाम करा म्हटलं असतं तर पाठ फिरवून झोपल्या असत्या.

तेव्हा पेशंटला विचारा, कुठलं काम स्वतःचं स्वतः करायचं आहे. दाढी, चहा, पेपर आणायला कोपऱ्यावर जाणं, काहीही. त्याचे तुकडे करा आणि एकेक तुकडा त्यांच्या हाती सोपवा. पाण्याचा तांब्या पलंगापासून दहा पावलांवर, कमरेच्या उंचीला ठेवा. शर्टाची बटणं लावायला पाच मिनिटं लागत असतील तर लागू द्या, तुम्ही खिडकीबाहेर बघा.

बाबा चिडतात, मध्येच रडतात. असे नव्हते ते.

बऱ्याच जणांना होतं. भूल, अपुरी झोप, वेदना, मरणाला शिवून आल्याची जाणीव, आणि घरात कुणी काही ठरवताना विचारत नाही याचा राग. झोप बहुधा तीन-चार आठवड्यांत रुळावर येते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. उदासी दोन आठवड्यांच्या पुढे गेली, जेवणावरची वासना गेली, किंवा 'कशाला वाचवलंत' असं बोलणं सुरू झालं, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. यावर उपचार आहेत.

बायकांसाठी वेगळं काही?

हो, आणि ते कुणी सांगत नाही. स्तनांच्या वजनाने जखम दोन्हीकडे ताणली जाते, म्हणून पुढे उघडणारी, तारा नसलेली, मऊ सुती ब्रा दिवसाच नव्हे, रात्रीही घाला. डोक्यावरून घालायचे कुर्ते काही आठवडे बाजूला, पुढे बटणांचे गाऊन बरे. स्वयंपाकघरात बसून भाजी निवडणं, फोडणी देणं लवकर सुरू करता येतं. कणीक तिंबणं, पाट्यावर वाटणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं आणि भरलेला कुकर उतरवणं तीन महिन्यांनंतर.

गाडी, कामधंदा, शेती?

चारचाकी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, सर्जननी हाड तपासल्यावर. तोवर मागच्या सीटवर, पट्टा लावून, पट्ट्याखाली घडीचा टॉवेल. दुचाकीला तीन महिने थांबा. किक मारणं, डबल स्टँडला लावणं, खड्ड्यात हँडल सावरणं, या तिन्हींचा झटका थेट छातीला बसतो. टेबलावरचं काम दीड-दोन महिन्यांत, आधी अर्धा दिवस. दुकानदारांना वाटतं गल्ल्यावर बसणं म्हणजे आरामच. बारा तासांचा आराम नसतो तो. शेतात बांधावरून फेरी लवकर मारता येईल. खुरपं, पंप आणि पोती तीन महिन्यांनी, हळूहळू.

एक खासगी प्रश्न होता…

नवरे हा प्रश्न वॉर्डात विचारत नाहीत, कॉरिडॉरमधून परत येऊन विचारतात. बायका विचारतच नाहीत, म्हणून मीच सांगते. दोन जिने थांबल्याशिवाय, दम किंवा छातीत दुखणं न होता चढता येत असतील तर हृदय शरीरसंबंधाला तयार आहे असं साधारण मानतात. बहुतेकांना सहा ते आठ आठवडे लागतात. हातांवर भार येणार नाही असं बघा. जिभेखाली ठेवायची किंवा नायट्रेट गटातली गोळी चालू असेल तर लैंगिक ताकदीच्या (व्हायग्रासारख्या) गोळ्या चुकूनही घेऊ नका, बीपी धोकादायकरीत्या कोसळतं.

योगासनं, प्राणायाम?

सावकाश, खोल श्वास पहिल्या दिवसापासून. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं नको. सूर्यनमस्कार, भुजंगासन, हातांवर वजन येणारं काहीही तीन महिन्यांच्या आत नको. हार्ट अटॅकनंतरच्या पेशंटवर भारतातल्या २४ केंद्रांमध्ये योगावर आधारित पुनर्वसनाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोजच्या कामांकडे परतणं सुधारलं. पुन्हा अटॅक येणं किंवा मृत्यू यांत मात्र ठाम फरक दिसला नाही. तेव्हा योग जरूर करा, पण गोळ्या बंद करून नव्हे.

यंदा वारीला जाऊ का?

आमच्याकडे हा प्रश्न उन्हाळा संपता संपता येतोच. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, त्यात पुण्याहून सासवडचा लांबलचक टप्पा आणि दिवे घाट. ऑपरेशनला सहा महिने झाले नसतील तर सगळी वारी नको. तासभर सलग चालता येत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर सपाटीचा एखादा छोटा टप्पा चाला. वाखरीहून शेवटचं अंतर चालून गेलेले आमचे पेशंट आहेत, बाकीचा प्रवास दिंडीच्या गाडीतून. गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, गळ्यात आजार आणि औषधांची चिठ्ठी ठेवा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर घाम आणि पाणी यांचं गणित आधी डॉक्टरांकडून समजून घ्या.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

छातीत दाबल्यासारखं दुखणं, बसल्याजागी दम, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं : १०८ ला फोन, वाट बघणं नाही. कुस बदलताना छातीचं हाड 'कट्' वाजणं किंवा सरकणं, जखमेतून पाणी किंवा पू, १००.४ च्या वर ताप, उताणं झोपल्यावर धाप : त्याच दिवशी सर्जन. रोज सकाळी लघवीनंतर वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. एका दिवसात किलोच्या वर किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नव्हे, पाणी आहे.

आमच्या तालुक्याला रिहॅब सेंटर नाही.

बहुतेक तालुक्यांना नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बायपास झालेल्या कित्येकांचं गाव मोठ्या शहरापासून शंभर-दीडशे किलोमीटरवर असतं. मग डिस्चार्जच्या आधी फिजिओकडून आठवडानिहाय कागद लिहून घ्या, पलंगावरून उठण्याचा व्हिडिओ मोबाइलवर काढून घ्या, आणि तपासणीला याल तेव्हा चालण्याची वही आणा. जवळच्या साध्या फिजिओथेरपिस्टलाही तो कागद दाखवून काम होतं. हे व्यायामाचं पुनर्वसन मिरवण्यासाठी नाही; हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा ॲडमिट होणं त्याने कमी होतं, हे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासून दिसलेलं आहे.

जमिनीवर मांडी घालून कधी बसता येईल?

बसणं अवघड नाही, उठणं अवघड आहे. आठ ते बारा आठवड्यांनी, हाड घट्ट झाल्याचं सर्जननी सांगितलं की सुरुवात करा. एकदम जमिनीवर नको. आधी आठवडाभर चौरंगावर, मग पाटावर, मग सतरंजीवर. उठताना आधी गुडघ्यांवर या, एक पाऊल पुढे टाका, दोन्ही हात त्याच मांडीवर ठेवा आणि वर या. शेजारी जड खुर्ची असू द्या. पहिल्या वेळी कुणीतरी समोर उभं राहावं, हात खिशात घालून.